नागनाथचा उतार

बातमी मला ऐकू आली नाही, दिसली. सकाळची वेळ होती. गल्लीतले यंत्रमाग नुकते सुरू झालेले, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही ओरडून सांगावं लागतं असा खडखडाट. मी खिडकीत चहाचा कप घेऊन उभी होते. समोरच्या खिडकीत पद्मा आली, म्हणजे हातांवर सरकत आली, गजांना धरून वर झाली आणि तिचे ओठ हलले. ‘अन्ना गेला.’ अन्ना म्हणजे तिचा थोरला भाऊ, नागनाथ. मी हातानंच विचारलं, कुठं गेला? दवाखान्यातून घरी निघाला का? तिनं मान हलवली आणि पुन्हा तेच दोन शब्द, सावकाश, पहिलीच्या पोराला शुद्धलेखन घालावं तसे… अन्ना. गेला. माझ्या तोंडून ‘इन्ना लिल्लाह’ निघालं तेही मला ऐकू आलं नाही. माग चालूच होते.

हे ओठांचं प्रकरण बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. सोलापूरच्या पूर्व भागात आमची गल्ली. नाही म्हटलं तरी एकाआड एका घरात टॉवेलचे माग. मागावर काम करणाऱ्या माणसाला दिवसभर कुणाचं काही ऐकू येत नाही, म्हणून तो ओठ वाचायला शिकतो. कांडी संपली, धागा तुटला, चहा आला, मुकादम येतोय, सगळं ओठांवर. आणि त्यांच्याबरोबर आम्हीही शिकलो, जन्मापासून तिथंच राहणारे. मी एका उर्दू शाळेत मराठी शिकवायचे, आता निवृत्त आहे. शेवटच्या बाकावरची पोरं आवाज न काढता मला काय काय शिव्या देतात ते मला फळ्यापासून कळायचं, आणि हे त्यांना दहावीपर्यंत कळायचं नाही. नागनाथ यावर लई हसायचा. ‘आपा, तुमी तर सीआयडी हाव की!’ म्हणायचा.

नागनाथ माझ्यापेक्षा लहान. तेलुगू विणकराचं पोर, बापाच्या मागावर उभा राहून मोठा झालेला. पद्मा त्याची पाठची बहीण. लहानपणी ताप आला आणि तिचे पाय गेले, ते गेलेच. आई गेली, मग वडील गेले, आणि समोरच्या घरात ही दोघं राहिली. नागनाथला स्थळं आली होती, नाही असं नाही. मुलीकडचे यायचे, चहा प्यायचे, इकडंतिकडं बघायचे आणि शेवटी कुणीतरी घसा खाकरून विचारायचं, ‘बहिणीचं काय करणार?’ नागनाथ म्हणायचा, ‘करायचं काय? ती काय करायची वस्तू हाय का?’ झालं. कपबश्या आत जायच्या आणि पाहुणे बाहेर. पद्मा नंतर त्याच्यावर ओरडायची की एवढं तोंड कशाला चालवलंस, मुलगी बरी होती. मग चार दिवस अबोला. अबोला म्हणजे आवाज बंद, ओठ चालूच. मी माझ्या खिडकीतून त्यांची अख्खी भांडणं वाचलीयत.

तो काही संत नव्हता, हे आधीच सांगून टाकते, कारण मेल्यावर माणसाला संत करायची आपल्याकडे फार घाई असते. कॅरममध्ये हमखास फसवायचा. जुनी गाणी भलत्याच चालीवर म्हणायचा आणि वर म्हणायचा की मूळ चालच चुकलीय. शेंगाची चटणी जरा कमी तिखट झाली की ताट सरकवायचा. डोकं तापलं की कुणाच्या बापाला ऐकायचा नाही. पण रोज सकाळी कामावर जायच्या आधी दारात वरच्या पायरीवर पाठ करून बसायचा आणि म्हणायचा, ‘धर.’ पद्मा मागून त्याच्या गळ्यात हात टाकायची आणि म्हणायची, ‘धरलंय.’ मग हा तिला पाठीवर घेऊन उठायचा, गटारावरच्या उंच पायऱ्या एकेक करून उतरायचा आणि तिला तिच्या हाताच्या तीनचाकीत बसवायचा. तिथून पुढं पद्मा कुणाच्या बापाची नव्हती. हातानं चाक मारत मागच्या गल्लीत जायची, तिथं बायका टॉवेलच्या कडा शिवायला बसतात. ती त्यांच्यात बसायची, शिवायची, कमवायची, गप्पा हाणायची. संध्याकाळी पुन्हा पायरीशी यायची आणि नागनाथ तिला वर घ्यायचा.

लोक म्हणायचे, काय सेवा करतो हो बहिणीची, देवमाणूस आहे! याचा त्याला भयंकर राग यायचा. मलाही येतो, आता तर जास्तच येतो. एखाद्याला देवमाणूस म्हटलं की आपलं काम संपलं, देवाला काय मदत करायची? देवाला सुट्टी लागत नाही, देवाची पाठ दुखत नाही, देवाला हर्निया होत नाही. नागनाथला झाला.

डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की ऑपरेशन करून घ्या, आणि त्याआधीही, त्यानंतरही कितीतरी महिने वजन उचलायचं नाही. नागनाथ म्हणाला, ‘वजन न्हाय डॉक्टर, बहीण हाय.’ डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, ‘आतडं अडकलं तर जीव जाईल.’ तेव्हा हा घरी येऊन पायऱ्यांकडं बघत बसला. ऑपरेशन झालं तर पद्माला खाली कोण नेणार? शेजारणी एखाद दिवस नेतील. एक दिवस पाय घसरला म्हणजे? आणि पद्माही हट्टी, कुणाच्याही पाठीवर बसायची नाही. म्हणाली, ‘महिनोन् महिने घरात बसले तर मी येडी होईन. उतार कर की दारात. मी माझी माझी जाईन.’

इतकी साधी गोष्ट. पायऱ्यांच्या बाजूनं सिमेंटचा एक उतार. सुट्टीच्या दिवशी कारखान्यातले दोस्त आले, वाळू आली, विटा आल्या आणि संध्याकाळपर्यंत उतार झाला. पाणी मारून सुकू दिला. पद्मा खिडकीतून सूचना देत होती, इकडून जास्त झाला, तिकडून कमी झाला. एखाद्या इंजिनिअरीणबाईचा काय तोरा असेल असा तोरा!

आणि इथं आमच्या लोकांनी एक चूक केली, जी सोलापूरकरच करू जाणे. उतार झाला तर नारळ फोडायला पाहिजे, आणि नारळ फोडायचा तर ‘डिजिटल’ लावायला पाहिजे. बाहेरगावचे याला फ्लेक्स म्हणतात, आम्ही डिजिटल म्हणतो. आमच्याकडं पोरगं जन्मलं तरी डिजिटल, पास झालं तरी डिजिटल, कुत्र्याचा वाढदिवस असला तरी डिजिटल. मंडळाच्या पोरांनी उत्साहानं लावला. ‘पद्माताईंच्या रॅम्पचे उद्घाटन, शुभहस्ते भावी नगरसेवक अमुक अमुक.’ तेव्हा निवडणुका लांबलेल्या होत्या आणि गल्लीत दोन भावी नगरसेवक मोकाट फिरत होते. त्यातल्या पहिल्या भावींनी नारळ फोडला, उताराला हार घातला, पद्माबरोबर फोटो काढला. नागनाथचाही फोटो होता डिजिटलवर, चष्मा घातलेला, कोपऱ्यात. तो दिवसभर जाता-येता स्वतःकडंच बघत होता. पद्मा उतारावरून एकटी खाली आली तेव्हा गल्लीनं टाळ्या वाजवल्या. तिनं मागं वळून भावाकडं पाहिलं आणि जीभ काढून दाखवली… बस, जा आता, कर ऑपरेशन.

ऑपरेशनचं ठरत होतं. पण डिजिटल दुसऱ्या भावींनी पाहिला.

पहिल्याचं नाव गल्लीत एवढं मोठं लागलेलं दुसऱ्याला कसं सोसवणार? तक्रार गेली. कुणी केली हे मी अंदाजानं लिहीत नाही, त्या भल्या माणसानं पुढं नागनाथला तोंडावर सांगितलं, ‘आमच्याकडं आला असतास तर ही वेळ आली नसती.’ तर, अतिक्रमणवाले आले, जेसीबी घेऊन आले. ऑफिसचं नाव मी घेत नाही, नाव घेतलं की उद्या माझ्याच दारावर नोटीस चिकटायची. नागनाथ कामावर, पद्मा शिवायला गेलेली. मी धावत खाली उतरले. साहेब म्हणाले, ‘मॅडम, बाजूला व्हा. गटारावर बांधकाम आहे.’

मी म्हटलं, ‘अख्ख्या गल्लीचे कट्टे गटारावर आहेत. हा बघा, माझाही आहे. फोडा की माझा.’

‘तुमची तक्रार आलेली नाही.’

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. कायदा काय तर म्हणे, तक्रार आली तर कायदा. त्यांनी ज्याच्यावर लोक संध्याकाळी गप्पा मारत बसतात ते सगळे कट्टे सोडले, दोन दुकानांचे ओटे सोडले, आणि जिच्या पायांना दुसरा रस्ता नाही तिचा उतार फोडला. राडारोडा तिथंच टाकून गेले. कुणीतरी जाऊन सांगितलं म्हणून भर दुपारीच पद्मा परत आली. सोलापूरचं ऊन काय असतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. ती तीनचाकीत बसून त्या विटांकडं बघत राहिली. मी छत्री घेऊन गेले आणि तोंडाला येईल ते बोलत होते, साहेबाला, भावीला, सगळ्यांना. ती म्हणाली, ‘आपा, पाणी दे आधी. शिव्या मग दोघी मिळून देऊ.’ संध्याकाळी नागनाथ आला.  पूर्वीसारखा तीनचाकीपुढं पाठ करून वाकला आणि म्हणाला, ‘धर.’

मग सुरू झालं वकील शोधणं. तोपर्यंत मला वाटायचं की कायदा आपल्या बाजूनं असला की वकील मिळतो. अपंगांसाठी काय काय कायदे आहेत, मी शाळेत पोरांना त्याच्यावर निबंध लिहायला लावलेत हो! पहिल्या मोठ्या वकिलांनी सगळं नीट ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, ‘केस चांगली आहे. पण मी त्या ऑफिसच्याच वकिलांच्या पॅनेलवर आहे, त्यांच्याविरुद्ध कसा उभा राहू?’ तो माणूस निदान खरं बोलला. पुढं पुढं कळत गेलं की ज्याच्याकडं जावं तो एकतर त्यांचा वकील, नाहीतर त्यांचा वकील व्हायच्या रांगेत. एकानं तर सांगितलं, ‘बिल्डिंगचं काही असेल तर आणा, रॅम्पसाठी कोण कोर्टात जातं?’ कोण जातं? ज्याला पायऱ्या उतरता येत नाहीत तो जातो! पण त्याला कोर्टात जाण्यासाठी आधी पायऱ्या उतरायला लागतात, हे त्या शहाण्याला कोण सांगणार?

आणि जाणार तरी कधी? या सगळ्या कचेऱ्या उघडणार सकाळी अकराला आणि माग सुरू होणार त्याच्या किती आधी. नागनाथनं खाडा केला की मालकाची बोलणी. वर परत यायचा नेम नाही, म्हणून त्या दिवशी पद्मा घरातच, एकटी. तो बाहेर जाणार म्हटलं की ती सकाळपासून पाणी पीत नसे, का ते बायकांना सांगायला नको. मी जायचे तिच्याकडं, पण तिला आवडायचं नाही कुणाला सांगणं. ‘तुमच्यासारख्या केसमध्ये घरच्यांनी जरा वेळ काढला पाहिजे’ असं एका बाबूनं नागनाथला ऐकवलं होतं. वेळ! घरात आजारी माणूस सांभाळणाऱ्याला तुम्ही वेळ शिकवता? तुमच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलं की रजा टाकून मोकळे होता, आणि ती रजा मंजूर करायला आणखी एक बाबू असतो.

शेवटी एक वकील तयार झाला. तरुण, चकचकीत, बोलायला गोड. त्यानं अर्ज केला, एक तारीख लागली, आम्ही दोघं त्या ऑफिसात गेलो. मोठी काचेची केबिन होती. वकील आत गेला, आम्ही बाहेर बाकावर बसलो. आतलं काही ऐकू येत नव्हतं. मी माझ्या पिशवीत चष्मा शोधत होते, तेवढ्यात नागनाथनं माझा हात दाबला. त्याचे डोळे काचेवर होते. आत आमचाच वकील साहेबांशी हसून बोलत होता आणि नागनाथ वाचत होता. मीही चष्मा लावून बघितलं, शेवटचं मलाही दिसलं… ‘हातावर पोट आहे हो त्याचं. दोन-चार तारखा लावा लांबच्या. आपोआप बसेल.’

 नागनाथचा चेहरा असा झाला जसा मागावर धागा तुटला की होतो, एकदम शांत. वकिलानं सहज मान वळवून बाहेर पाहिलं. नागनाथनं काचेतून त्याच्या डोळ्यांत बघून, आवाज न काढता, ओठांनी एक अशी सोलापुरी शिवी दिली की मी मराठीची शिक्षिका असून मला ती इथं लिहिता येत नाही. वकील हसत बाहेर आला. ‘पुढची तारीख घेतलीय, काळजी नको.’

नागनाथ म्हणाला, ‘माणूस आपोआप बसंल, असं म्हणाला न्हाय का तुमी आत?’

त्या माणसाचं तोंड बघण्यासारखं झालं. पण त्याला लाज वाटत नव्हती बरं का. काचेआडून यांना ऐकू कसं आलं, एवढंच कोडं त्याला पडलेलं होतं. नागनाथनं कागद काढून घेतले आणि आम्ही बाहेर पडलो.  रस्त्यावर आल्यावर म्हणाला, ‘आपा, ती शिवी तुमाला कळली का?’ मी म्हटलं, कळली. म्हणाला, ‘माफ करा हां.’ मी म्हटलं, ‘माफ कशाला? उच्चार अगदी स्पष्ट होता.’ दोघं रस्त्यात उभं राहून इतके हसलो की रिक्षावाले बघायला लागले. आणि हसता हसता त्यानं पोटाला हात लावला आणि तो वाकला.

तेव्हाच मी म्हटलं की आता बास, दवाखान्यात चल. तो म्हणाला, ‘उतार झाल्यावर.’ मी भांडले, पद्मा भांडली, डॉक्टरांनी दम दिला. त्याचं एकच, आता पडून राहिलो तर हे लोक म्हणतील की बसला. यानंतर आम्ही त्या फुकट सल्ला मिळणाऱ्या जागेत गेलो. गरिबांना आणि अपंगांना सरकार जिथं वकील देतं, ती जागा जिना चढून वर. तिथल्या माणसानं सांगितलं होतं की अपंग व्यक्तीला समक्ष आणा. नागनाथ पद्माला पाठीवर घेऊन जिना चढला. मी मागून चढत होते, प्रत्येक पायरीला त्याच्या मानेची शीर दिसत होती. तिथं एक कोवळी वकीलबाई मिळाली, मनानं चांगली. तिनं मनापासून अर्ज लिहिला. पण घर नागनाथच्या नावावर, म्हणून अर्जदार नागनाथ, आणि पद्माच्या नावापुढं तिनं लिहिलं, ‘आश्रित’. आम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. घरातल्या पुरुषाचं नाव लावायचं, आपल्याकडं वीजबिलापासून मयताच्या दाखल्यापर्यंत हेच चालतं. फक्त पद्मानं मला विचारलं, ‘आपा, आश्रित म्हंजे काय?’ मी अर्थ सांगितला. ती म्हणाली, ‘पण मी टॉवेल शिवते की.’

अर्ज गेला. मग साहेब मीटिंगला गेले, मग साहेब बदलले, मग फाइल दुसऱ्या टेबलावर गेली, मग तिसऱ्या. वकीलबाई बिचारी फोन करायची आणि स्वतःच माफी मागायची. नागनाथ रोज सकाळी ‘धर’ म्हणत राहिला. एक दिवस त्यानं तिला खाली ठेवलं, तीनचाकीत बसवलं आणि तिथंच पायरीवर बसून राहिला. मी खिडकीतून ओठांनी विचारलं, काय झालं? त्यानंही ओठांनीच सांगितलं, ‘काय न्हाय. जरा दम खाललोय.’ हे त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं. त्याच दिवशी कामावरून त्याला दोस्तांनी रिक्षात घालून परस्पर दवाखान्यात नेलं. आतडं अडकलं होतं. उशीर झाला होता, डॉक्टरांनी सांगितलं. उशीर कुणी केला ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, त्यांचं कामही नाही ते. मी सांगते ना! एका डिजिटलच्या मत्सरानं केला, ‘तुमची तक्रार आलेली नाही’ म्हणणाऱ्यानं केला, ‘आपोआप बसेल’ म्हणणाऱ्यानं केला, आणि टेबलाटेबलावर त्या फाइलवर चहाचे कप ठेवणाऱ्या सगळ्यांनी मिळून केला. हे सगळे घरी गेले, जेवले, झोपले. कुणाच्या अंगावर एक ओरखडा नाही.

त्याला घरी आणलं, मग न्यायची वेळ झाली. माग बंद ठेवले होते, गल्ली कधी नव्हे इतकी शांत होती. दोघी-तिघी पद्माला म्हणाल्या, चल, आम्ही उचलून खाली नेतो, कोपऱ्यापर्यंत तरी ये. ती म्हणाली, ‘आज मला कुणी उचलायचं न्हाय.’ वरच्या पायरीवर बसून राहिली. तिच्या समोरून त्या पायऱ्यांवरून चार माणसांनी नागनाथला उतरवलं. आयुष्यभर तिला उतरवत आला, त्याला उतरवताना ती जागची हलू शकली नाही… हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि मला कुणी आता शांत व्हा, आपा, असं सांगू नये.

दहाव्याच्या आत दारात डिजिटल लागला. ‘भावपूर्ण श्रद्धांजली. सेवामूर्ती नागनाथ.’ दोन्ही भावी नगरसेवक शेजारी शेजारी हात जोडून उभे, कारण दरम्यान दोघं एकाच पक्षात गेले होते! मध्ये नागनाथ, तोच चष्म्याचा फोटो, उद्घाटनाच्या डिजिटलवरून उचललेला. आणि ही भलीमोठी लोखंडी फ्रेम उभी कुठं केली होती? गटारावर. जिथं उतार होता, बरोब्बर तिथं.

मी त्याच आठवड्यात ऑफिसात गेले. बाबूनं फाइल काढली, बघितली आणि म्हणाला, ‘अर्जदार मयत आहेत. प्रकरण निकाली काढलंय.’ मी म्हटलं, ‘अहो, जिला उतार पाहिजे ती जिवंत आहे!’ म्हणाला, ‘त्या अर्जदार नाहीत, आश्रित आहेत. वारसदाखला आणा, मग बघू.’ म्हणजे बहिणीनं आपल्याच दारातून बाहेर पडायचा हक्क भावाच्या वारशात मागायचा! मी विचारलं, बरं, आमच्या दारात गटारावर डिजिटल उभा आहे, तो अतिक्रमण नाही का? तो माझ्याकडं जरा दुखावल्यासारखा बघत म्हणाला, ‘श्रद्धांजलीचा आहे तो, मॅडम. लोकांच्या भावना असतात.’

घरी येऊन खिडकीत उभी राहिले, पद्माला सांगायला. समोर पद्मा दिसेना. दिसले ते हात जोडलेले दोघं. त्या डिजिटलनं तिची खिडकी पूर्ण झाकली होती. तिला तिकडून पांढरी पाठ दिसत असणार आणि मला इकडून हे दोन चेहरे. आयुष्यभर आम्ही त्या गल्लीवरून बोलत आलो, आवाजाची गरज पडली नाही, आणि आता मध्ये हे उभे राहिले. फोन वाजला. पद्मा होती. म्हणाली, ‘आपा, मला तू दिसत न्हाईस. हे काढ.’

मी म्हटलं, काढते आणि भंगारात घालते.

‘भंगारात कशाला? चांगलं लोखंड हाय. अन्नाचा फोटो तेवढा कापून मला दे. बाकीचं खाली अंथर.’

नागनाथचे कारखान्यातले दोस्त आले, तेच, ज्यांनी पहिला उतार बांधला होता. फ्रेम खाली उतरवली, पायऱ्यांवर तिरकी टाकली, कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्यानं तिला टेकू लावून दिला. वर कारखान्यातल्या जुन्या फळ्या ठोकल्या. फळ्यांच्या फटीत चाक अडकायला नको म्हणून वर डिजिटल ताणून बसवला. नारळ फोडला नाही. कुणाला बोलावलं नाही. आता दोघं भावी गटारावर आडवे पडून आकाशाकडं हात जोडतायत. फोडायला या की कुणीतरी! या दोघांच्या चेहऱ्यांवर जेसीबी चालवायची कुणाची छाती आहे ते बघूच. लोकांच्या भावना असतात.

नोटीस येईल, मला माहीत आहे. मी आणि वकीलबाईंनी नवा अर्ज दिलाय, अर्जदार पद्मा, स्वतः. तारखेला आता मी जाते, त्याच बाकांवर बसते, त्याच काचेतून आत बघते. काय बोलतात ते वाचते, आणि बाहेर आल्यावर मोठ्यानं वाचून दाखवते, बाकावर बसलेल्या सगळ्यांना. शाळेत माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा.

सकाळी माग सुरू झाले की मी खिडकीत उभी राहते. पद्मा दारात येते, तीनचाकीत बसलेली, नागनाथचा फोटो आत भिंतीवर लावलेला दिसतो. उताराच्या वरच्या टोकाला ती थांबते. रोज थांबते. खडखडाटात काही ऐकू येत नाही, पण तिचे ओठ हलतात आणि मला दिसतं, ‘धरलंय.’ मग ती चाकावर हात ठेवते आणि एकटी खाली येते.